तबकडीचे कुलूप आणि मुक्त संगणक

शाळेच्या ग्रंथालयातील कपाट उघडले की पुस्तकांच्या मागे, खालच्या खणात, प्लॅस्टिकच्या पातळ डब्यांची एक चवड पुष्कळदा सापडते. कोणा थोर पुरुषावरील माहितीपट, एखादा जुना मराठी चित्रपट, आरोग्य किंवा शेतीविषयक प्रशिक्षणपट, शाळेच्या स्नेहसंमेलनाचे चित्रीकरण, असा नाना प्रकारचा ऐवज त्या तबकड्यांवर साठवलेला असतो. एके दिवशी एखादे शिक्षक त्यांतील तबकडी संगणक कक्षातील नव्या संगणकात घालतात. पडद्यावर चित्राऐवजी एक इंग्रजी सूचना उमटते की, ही तबकडी वाचता येत नाही. ‘तबकडी खराब’ असा शेरा नोंदवहीत पडतो आणि निर्लेखनाच्या पुढील यादीत तिचे नाव जाते.

ठाण्यातील एका शाळेत अशा यादीवर सही होण्यापूर्वी त्या तबकड्या पाहण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला. त्यांतील बहुतेकांवर साधा ओरखडाही नव्हता. दोष तबकडीचा नव्हता आणि संगणकाचाही नव्हता. तबकडीला एक अदृश्य कुलूप होते व त्या संगणकाजवळ त्याची किल्ली नव्हती, इतकेच. हे कुलूप कसले, ते का लावले गेले, आणि कायद्याच्या मर्यादेत राहून ते कसे उघडता येते, हे समजून घेतले तर सार्वजनिक पैशातून घेतलेला पुष्कळ ऐवज वाया जाण्यापासून वाचेल.

मुक्त संगणकप्रणाली

संगणकाची यंत्रसामग्री स्वतः काही करीत नाही. तिच्याकडून काम करवून घेणारी मूलभूत आज्ञावली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टीम, तिला लागते. बाजारातील काही प्रणाली दर संगणकामागे परवाना घेऊन वापराव्या लागतात आणि त्यांची अंतर्गत रचना उत्पादकाखेरीज कोणास पाहता येत नाही. याउलट, लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली ज्या लिनक्सचा प्रारंभ केला, ती मुक्त प्रणाली होय. तिच्या आज्ञावलीची प्रत्येक ओळ कोणालाही वाचता येते, सुधारता येते व इतरांना देता येते. डेबियन, उबुंटू ही तिचीच प्रचलित रूपे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या केंद्र शासनाच्या संस्थेने डेबियनच्या आधारे ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली सिद्ध केली असून तीत मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय आहे.

केंद्र शासनाने २०१५ साली मुक्तस्रोत आज्ञावलींना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. केरळने त्याही आधीपासून आपल्या शाळांमध्ये अशा प्रणाली रुजविल्या आहेत. दर संगणकामागे परवान्याचा खर्च नसल्यामुळे शाळा, वाचनालये व ग्रामपंचायती यांना ही प्रणाली सोयीची वाटते. तथापि, चित्रपटाची तबकडी घालताच ती अडते, अशी तक्रार तिच्याबद्दल वारंवार ऐकू येते. या तक्रारीचे मूळ पाहण्यासाठी प्रथम तबकडीची रचना ध्यानी घ्यावयास हवी.

तबकडीवर चित्र कसे असते?

सीडी व डीव्हीडी या दोन्ही तबकड्या दिसावयास सारख्या. दोहोंचा व्यास १२० मिलिमीटर व जाडी १.२ मिलिमीटर. त्यांच्या पृष्ठाखाली अतिसूक्ष्म खळग्यांची सर्पिलाकार रांग असते आणि लेसर किरण ती वाचतो. सीडीसाठी ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा, तर डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा, म्हणजे अधिक बारीक टोकाचा किरण लागतो. त्यामुळे सीडीवर सुमारे ७०० मेगाबाइट, तर एका थराच्या डीव्हीडीवर ४.७ गिगाबाइट मजकूर मावतो. जुन्या संगणकातील केवळ सीडी वाचणारा ड्राइव्ह डीव्हीडी वाचू शकत नाही. ही अडचण यंत्राची आहे, आणि तिला आज्ञावलीचा उपाय नाही.

आपल्याकडे घरोघरी प्रथम पोहोचली ती व्हिडिओ सीडी. तिचे प्रमाण १९९३ साली ठरले. एका तबकडीवर सुमारे ७४ मिनिटांचे चित्रण मावत असल्यामुळे चित्रपटासाठी दोन किंवा तीन तबकड्या लागत. पुढे १९९६ च्या अखेरीस जपानमध्ये डीव्हीडी विक्रीस आली. भारतात २००७ साली एका मोठ्या उत्पादकाने व्हिडिओ सीडी २८ रुपयांस व डीव्हीडी ३४ रुपयांस विकण्यास सुरुवात केली. चित्रपटाच्या तिकिटापेक्षाही कमी किमतीत अख्खा चित्रपट मिळू लागला आणि या तबकड्या घराघरांत शिरल्या.

या दोन प्रकारांत एक महत्त्वाचा भेद आहे. व्हिडिओ सीडीला कुलूप नसते. चित्रपटांच्या बहुतेक डीव्हीडींना ते असते.

कुलूप आणि त्याच्या किल्ल्या

डीव्हीडीवरील चित्रपट हुबेहूब नक्कल करून विकला जाईल, ही निर्मात्यांची भीती होती. म्हणून तबकडीवरील चित्र एका ठरावीक पद्धतीने विस्कटून लिहिण्याची योजना आखण्यात आली. तिला सीएसएस असे नाव आहे. विस्कटलेले चित्र पुन्हा जुळविण्यासाठी जी संख्या लागते, ती किल्ली होय. ही किल्ली तबकडीवरच असते, पण तीही कुलूपबंद. प्रत्येक परवानाधारक प्लेअर उत्पादकाला करार करून व शुल्क घेऊन त्याची स्वतंत्र किल्ली दिली जाई. तबकडीच्या आरंभीच्या भागात एकच मुख्य किल्ली निरनिराळ्या उत्पादकांच्या कुलपांत वेगवेगळी बंद करून ठेवलेली असते. प्लेअर आपल्या किल्लीने आपल्यापुरते कुलूप उघडतो, मुख्य किल्ली मिळवितो आणि तिच्या साहाय्याने चित्र जुळवितो. टीव्हीला जोडलेल्या प्लेअरमध्ये हे सर्व क्षणार्धात घडत असल्यामुळे कुलूप आहे, हे आपल्या ध्यानातही येत नाही.

मुक्त प्रणालीची अडचण नेमकी येथे आहे. करारानुसार किल्ली गुप्त राखणे बंधनकारक, आणि मुक्त आज्ञावलीची तर प्रत्येक ओळ जगासमोर उघडी. जी गोष्ट उघड्यावर ठेवावयाची नाही, ती काचेच्या कपाटात कशी ठेवणार? म्हणून मुक्त प्रणालीचे रचनाकार ही किल्ली मूळ संचात देत नाहीत. ते तांत्रिकदृष्ट्या असमर्थ आहेत, असा याचा अर्थ नव्हे. किंबहुना, ही अडचण केवळ मुक्त प्रणालींपुरतीही उरलेली नाही. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ या प्रणालीतूनही डीव्हीडी दाखविण्याची अंगभूत सोय काढून घेण्यात आली होती, कारण दर संगणकामागे द्यावे लागणारे परवाना शुल्क.

हे कुलूप उघडले कसे, याची हकिगत रंजक आहे. १९९९ साली नॉर्वेमधील योन लेक योहानसेन या पंधरा वर्षांच्या मुलाने व त्याच्या दोन अज्ञात सहकाऱ्यांनी ही विस्कट दूर करणारी एक लहानशी आज्ञावली प्रसिद्ध केली. चित्रपट उद्योगाच्या तक्रारीवरून त्याच्यावर खटला भरण्यात आला. स्वतः विकत घेतलेली तबकडी स्वतःच्या संगणकावर पाहणे हा गुन्हा ठरत नाही, अशी भूमिका घेऊन ओस्लो येथील न्यायालयाने २००३ च्या जानेवारीत त्याची निर्दोष मुक्तता केली. त्याच वर्षाच्या अखेरीस वरिष्ठ न्यायालयानेही तो निर्णय कायम राखला. अमेरिकेतील न्यायालयाने मात्र २००० साली ती आज्ञावली प्रसारित करणाऱ्यांविरुद्ध निकाल दिला होता. एकाच प्रश्नावर दोन देशांचे कायदे किती भिन्न असू शकतात, हे यावरून दिसते.

मुळात हे कुलूप फारसे भक्कम नव्हते. त्याची किल्ली अवघी ४० बिटांची. शक्य किल्ल्यांची संख्या सुमारे १.१ लाख कोटी भरत असली तरी रचनेतील उणिवांमुळे त्यांतील थोड्याच तपासून योग्य किल्ली शोधता येते. पॅरिसच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी १९९६ साली आरंभिलेल्या प्रकल्पातून व्हीएलसी हा प्रसिद्ध मुक्त प्लेअर निर्माण झाला. त्याच मंडळींनी ‘लिबडीव्हीडीसीएसएस’ हा सहायक आज्ञासंच तयार केला. तो कोणाचीही गुप्त किल्ली जवळ न बाळगता, प्रत्येक तबकडीची किल्ली जागच्या जागी शोधून काढू शकतो. मुक्त संगणकात जे कमी असते, ते हेच.

आपला कायदा काय म्हणतो?

शासकीय अधिकारी व शिक्षक यांच्या मनात येणारा पहिला प्रश्न हा की, असा आज्ञासंच बसविणे कायदेशीर आहे काय? प्रतिलिप्यधिकार अधिनियम, १९५७ यामध्ये २०१२ साली दुरुस्ती होऊन कलम ६५-क समाविष्ट झाले. हक्कांचे उल्लंघन करण्याच्या उद्देशाने जो कोणी असे तांत्रिक संरक्षण भेदील, त्याला दोन वर्षांपर्यंत कारावास व दंड अशी शिक्षा त्यात आहे. ‘उल्लंघन करण्याच्या उद्देशाने’ हे शब्द येथे कळीचे आहेत. अधिनियमाने ज्या गोष्टीस स्पष्ट मनाई केलेली नाही, तिच्यासाठी कुलूप उघडण्यास या कलमाचा अडसर नाही. विकत घेतलेली अस्सल तबकडी स्वतः पाहणे यास अधिनियमात अशी मनाई नाही.

याच कलमात एक अट आहे आणि ती कार्यालयांनी विशेष ध्यानात ठेवावी. दुसऱ्या व्यक्तीस अशा कामी साहाय्य करणाऱ्याने त्या व्यक्तीचे नाव, पत्ता, ओळख पटण्यास लागणारा तपशील व प्रयोजन यांची पूर्ण नोंद ठेवली पाहिजे. तेव्हा शाळेतील किंवा वाचनालयातील जो कर्मचारी हे काम करून देईल, त्याने एक साधी नोंदवही ठेवणे उचित होय.

कुलूप उघडता येते म्हणून तबकडीच्या प्रती काढून वाटता येतात, असे मात्र नाही. तसे करणे हा गुन्हा असून कलम ६३ अन्वये सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. महाराष्ट्राने तर झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले आदींना स्थानबद्ध करण्यासंबंधीच्या १९८१ च्या अधिनियमात २००९ साली दुरुस्ती करून चोरट्या चित्रफितींचा धंदा करणाऱ्यांचाही त्यात समावेश केला आहे.

प्रदर्शनाबाबतही मर्यादा समजून घ्याव्यात. शैक्षणिक संस्थेच्या उपक्रमात विद्यार्थी, शिक्षक, पालक व संस्थेशी संबंधित व्यक्ती एवढ्याच प्रेक्षकांपुढे चित्रपट दाखविण्यास कलम ५२ मध्ये सवलत आहे. गावाच्या चौकात पडदा लावून तोच चित्रपट सर्वांना दाखवावयाचा असेल, तर हक्कधारकाची परवानगी घ्यावी लागते. ‘जुना चित्रपट आहे, आता कोण विचारतो?’ हा युक्तिवादही तपासून घ्यावा. आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ या १९५३ च्या चित्रपटाचे उदाहरण घेऊ. चित्रपटावरील हक्क प्रदर्शनाच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे टिकतो. त्या हिशेबाने तो २०१३ अखेर संपला. परंतु लेखनावरील हक्क लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो. अत्रे १९६९ साली निवर्तले, म्हणून त्यांच्या लेखनाची मुदत २०२९ अखेरपर्यंत येते.

प्रत्यक्ष कृती

कायद्याची मर्यादा अशी स्पष्ट झाल्यावर कृतीकडे वळू. ती अवघड नाही, पण क्रम पाळावा.

प्रथम तबकडीचा प्रकार ओळखावा. ती संगणकात घालून तिच्यातील कप्पे पाहावेत. ‘एमपीईजीएव्ही’ नावाचा कप्पा दिसला तर ती व्हिडिओ सीडी, आणि ‘व्हिडिओ-टीएस’ दिसला तर डीव्हीडी. काहीच दिसत नसेल, तर ड्राइव्ह त्या प्रकारची तबकडी वाचू शकतो की नाही, हे तपासावे. नव्या संगणकांत बहुधा ड्राइव्ह नसतोच. अशा वेळी यूएसबीने जोडावयाचा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह घ्यावा. एकच ड्राइव्ह शाळेतील सर्व संगणकांस आळीपाळीने पुरतो.

दुसरे, प्रणालीच्या अधिकृत सॉफ्टवेअर भांडारातून व्हीएलसी बसवावा. व्हिडिओ सीडीसाठी एवढे पुरते. तिच्यातील धारिका थेट उघडण्याचा किंवा उतरवून घेण्याचा प्रयत्न केल्यास मुक्त प्रणाली चूक दाखविते, कारण त्या सीडीवरील चित्राची मांडणी नेहमीच्या धारिकेसारखी नसते. येथेही तबकडीस बोल लावू नये. व्हीएलसीमधील ‘मीडिया’ या यादीतून ‘ओपन डिस्क’ निवडावे व तेथे व्हीसीडी हा पर्याय घ्यावा.

तिसरे, कुलूपबंद डीव्हीडीसाठी उबुंटू, डेबियन व त्यांच्या कुळातील प्रणालींत ‘लिबडीव्हीडी-पीकेजी’ नावाचे पॅकेज बसवावे. इंग्रजी लिपीत ते एल, आय, बी, डी, व्ही, डी, मग आडवी रेघ, आणि पुढे पी, के, जी असे लिहितात. डेबियनमध्ये त्यासाठी भांडारातील ‘कॉन्ट्रिब’ हा विभाग आधी चालू करावा लागतो. हे पॅकेज म्हणजे प्रत्यक्ष किल्ली नव्हे. ते व्हीएलसीच्या रचनाकारांकडून मूळ आज्ञासंच उतरवून घेते आणि आपल्या संगणकावर तो घडविते. म्हणून त्या वेळी इंटरनेटची जोडणी व संगणकाचा प्रशासक संकेतशब्द, ही दोन्ही जवळ हवीत. पॅकेज बसल्यावर त्याची मांडणी पुन्हा एकदा पूर्ण करावी, अशी सूचना पडद्यावर येते. ती पाळली नाही तर काम अर्धवट राहते. अनेकांचे घोडे नेमके येथे अडते. शहापूर, मुरबाड यांसारख्या तालुक्यांतील ज्या शाळांत जोडणी नाही, तेथे भ्रमणध्वनीच्या हॉटस्पॉटवर हे काम एकदाच उरकून घ्यावे. पुढे जोडणीची गरज पडत नाही.

चौथे, ‘ओपन डिस्क’ मधून डीव्हीडी निवडून चालू करावी. पहिल्या खेपेस किल्ली शोधण्यास काही वेळ लागू शकतो, तेवढे थांबावे. आरंभीच्या यादीवरच चित्र अडून बसले, तर ‘नो डिस्क मेनू’ ही खूण करून पुन्हा प्रयत्न करावा. चित्राऐवजी रंगीबेरंगी चौकोन दिसू लागले, तर किल्ली मिळालेली नाही असे समजून तिसरी पायरी तपासावी.

आणखी एक अडचण ठाण्या-डोंबिवलीतील ज्या कुटुंबांची मुले परदेशी आहेत, त्यांच्या अनुभवास येते. डीव्हीडीच्या व्यापारासाठी जगाचे विभाग पाडण्यात आले. भारत पाचव्या विभागात, तर अमेरिका पहिल्या विभागात. अमेरिकेहून आणलेली तबकडी काही ड्राइव्ह नाकारतात. ड्राइव्हचा विभाग बदलता येतो, पण केवळ पाच वेळा. नंतर तो कायमचा ठरतो. म्हणून हा बदल विचारपूर्वक करावा.

किल्ली म्हणून अनोळखी संकेतस्थळावरून काहीही उतरवून घेऊ नये. तसेच ब्लू-रे या नंतरच्या तबकडीचे कुलूप निराळे व अधिक कठीण आहे. वरील उपाय तिला लागू पडत नाही.

आपल्याच तबकड्या

आतापर्यंत विकत घेतलेल्या तबकड्यांचा विचार केला. परंतु याहून मोलाच्या तबकड्या आणखी एका प्रकारच्या आहेत. त्या आपणच चित्रित करून घेतलेल्या. १९९९ साली डोंबिवलीत सुरू झालेली नववर्ष स्वागतयात्रा, ठाण्याचे गडकरी रंगायतन किंवा कल्याणचे आचार्य अत्रे रंगमंदिर येथील समारंभ, २६ जुलै २००५ चा महापूर, गावोगावच्या ग्रामसभा, यांचे त्या काळातील चित्रीकरण जेथे कोठे असेल, तेथे ते बहुधा अशाच तबकड्यांवर आहे. २०१५ साली कल्याण-डोंबिवली महापालिकेत २७ गावे समाविष्ट झाली. अशा गावांच्या पूर्वीच्या ग्रामपंचायतींच्या दप्तरात एखादी तबकडी असेल, तर ती त्या गावाच्या इतिहासाचे साधन आहे.

या तबकड्यांना कुलूप नसते, पण त्यांचा शत्रू निराळा आहे. कारखान्यात छापलेल्या तबकडीत खळगे ठशाने उमटविलेले असतात. संगणकावर लिहिलेल्या तबकडीत मात्र रंगद्रव्याचा थर असतो आणि ऊन, उष्मा व दमटपणा यांनी तो हळूहळू उडतो. खाडीकाठच्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसाळ्यात तबकड्या बंद कपाटात पडून राहिल्या, तर हानी अधिक लवकर होते. छापील चित्रपटाची दुसरी प्रत कोठे तरी मिळेल. गावच्या ग्रामसभेची दुसरी प्रत कोठेच नसते.

म्हणून अशा तबकड्यांतील मजकूर हार्ड डिस्कवर उतरवून ठेवण्याचे काम प्रथम हाती घ्यावे. ४.७ गिगाबाइटच्या शंभर तबकड्या पूर्ण भरलेल्या धरल्या तरी त्यांचा मजकूर ४७० गिगाबाइट होतो. एक हजार गिगाबाइटच्या एकाच हार्ड डिस्कमध्ये तो सहज मावतो. दोन प्रती काढून त्या दोन वेगळ्या इमारतींत ठेवाव्यात. तबकडी मऊ, कोरड्या कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी, गोलाकार पुसू नये. जी तबकडी मध्येच अडते, तिच्यासाठी मुक्त प्रणालीत ‘डीडीरेस्क्यू’ ही आज्ञावली विनामूल्य मिळते. ती वाचता येणारा भाग आधी उतरवून घेते आणि उरलेल्यासाठी पुनःपुन्हा प्रयत्न करते. प्रत्येक धारिकेस प्रसंग, स्थळ व वर्ष यांची नोंद द्यावी, अन्यथा काही वर्षांनी पडद्यावरील माणसे कोण, हे सांगणारे कोणी उरणार नाही.

कल्याणला १८६४ पासून सार्वजनिक वाचनालय आहे आणि ठाण्यास १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय. जीर्ण झालेले पुस्तक वाचता येत नाही म्हणून ते रद्दीत न टाकता बांधून घ्यावयाचे, हा संस्कार या जिल्ह्यास नवा नाही. तबकडीलाही तोच न्याय लावावयास हवा. निर्लेखनाच्या यादीवर ‘खराब’ असा शेरा लिहिण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : ड्राइव्ह योग्य आहे काय? किल्लीचा आज्ञासंच बसविला आहे काय? मजकुराची प्रत काढली आहे काय? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे नोंदवहीत लिहिल्यानंतरच यादीवर सही व्हावी.